पहिल्याच दिवशी ६५ टक्के औषध बाहेर येतंय: जेंटामायसिन मायक्रोस्फिअरबद्दल सविस्तर

लातूरहून एम.फार्म. करणाऱ्या एका मुलीनं विचारलंय, तिचा प्रश्न थोडक्यात सांगतो. ती जेंटामायसिन सल्फेट हे ॲन्टिबायोटिक पीएलजीए ५०:५० मधे, म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिडच्या निम्म्या-निम्म्या, शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरमधे, डबल इमल्शननं (औषधाच्या पाण्याचे थेंब पॉलिमरच्या द्रावणात आणि ते परत पाण्यात) भरून मायक्रोस्फिअर म्हणजे बारीक गोळ्या बनवतेय. पॉलिमर ५०० मिलिग्रॅम, औषध ५० मिलिग्रॅम, आतलं पाणी २ मिली, पॉलिमर विरघळवायला डायक्लोरोमिथेन ५ मिली, बाहेर २०० मिली पाण्यात अर्धा टक्का पीव्हीए (थेंब एकमेकाला चिकटू न देणारा पदार्थ), रात्रभर ढवळायचं. एन्कॅप्सुलेशन, म्हणजे घातलेल्यापैकी आत राहिलेलं औषध, १२ टक्क्याच्या वर जाईना, पहिल्या चोवीस तासात ६५ टक्के औषध बाहेर येतंय, आणि गाईड म्हणतात रिलीज, म्हणजे औषध बाहेर येणं, ३० दिवस सरळ रेषेत पाहिजे. जानेवारीतल्या बॅच बऱ्या होत्या, एप्रिलमधे त्याच रेसिपीनं बिघडल्या. आणि शेवटी विचारलंय की उदगीरकडं भावाचा गाईंचा गोठा आहे, तर दगडीवर (कासेच्या सुजेवर) हे चालेल का.

ताई, मी बरीच वर्षं संभाजीनगरजवळ वाळूजच्या पट्ट्यात स्टराईल इंजेक्शनच्या फॉर्म्युलेशनमधे काम केलंय आणि आता आपल्याकडच्या पोरापोरींच्या थिसिसला मदत करतो, त्यामुळं जरा लांबवर लिहितो, सावकाश वाच.

सुरुवात गाईडसरांच्या अपेक्षेपासून करतो कारण सगळा गुंता तिथंच आहे. तीस दिवस सरळ रेषा ही अपेक्षा हार्मोनच्या डेपो इंजेक्शनमधून (एकदा टोचलं की हळूहळू पाझरणारं) आलीय. ल्युप्रोलाइड या हार्मोनच्या औषधाचं महिन्याचं डेपो अमेरिकेत १९८९ ला मंजूर झालं, तेही पीएलजीए मायक्रोस्फिअरच, आणि तेव्हापासून आपल्या सगळ्या पुस्तकात चांगला रिलीज म्हणजे सरळ रेषा असं बसून गेलं. तिथं ते बरोबरच आहे, ७.५ मिलिग्रॅममधे पूर्ण महिना निघतो आणि शरीराला रोज सारखीच मात्रा लागते. ॲन्टिबायोटिकला बघायचं असतं ते वेगळंच, की जिथं जंतू आहेत तिथं औषधाची पातळी एमआयसीच्या चांगली वर किती दिवस राहिली आणि मग ती किती लवकर शून्यावर आली. एमआयसी म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारी कमीत कमी पातळी, हे तुला माहितीये, पण ग्राफ काढताना आपण ते विसरतो आणि उभ्या अक्षावर नुसते टक्के टाकतो. टक्क्यांवरून जंतू मरतात का नाही हे कळतच नाही.

तुझेच आकडे घेऊन बघू. ५० मिलिग्रॅमचे १२ टक्के म्हणजे ६ मिलिग्रॅम औषध आत गेलं. त्याचे ६५ टक्के पहिल्या दिवशी, म्हणजे ३.९ मिलिग्रॅम. समज हे सगळं २० मिली द्रव असलेल्या पोकळीत टाकलं, तर पहिल्या दिवशी पातळी साधारण १९५ मायक्रोग्रॅम प्रति मिली. स्टॅफ ऑरियससाठी जेंटामायसिनचा एमआयसी ४ पर्यंत असला तर लॅबवाले सेन्सिटिव्ह लिहितात, म्हणजे पहिला दिवस एकदम झकास, पन्नासपट वर. आता उरले २.१ मिलिग्रॅम, ते २९ दिवसात, म्हणजे रोज ७२ मायक्रोग्रॅम. तो द्रव दिवसातून एकदा जरी बदलला गेला तरी पातळी साडेतीनच्या आसपास, म्हणजे बरोब्बर एमआयसीच्या उंबऱ्यावर, आणि हे महिनाभर. जंतूंना रेझिस्टन्स शिकवायचा असेल तर यापेक्षा चांगली सोय नाही. तुला वाटतंय तुझा प्रॉब्लेम पहिल्या दिवशीचे ६५ टक्के आहेत. मला त्यापेक्षा जास्त भीती त्या नंतरच्या २९ दिवसांची वाटते.

ही भीती पुस्तकी नाहीये. हाडाच्या इन्फेक्शनमधे जेंटामायसिन घातलेलं बोन सिमेंट आणि पीएमएमए या प्लास्टिकचे मणी १९७० च्या दशकापासून वापरतात. पीएमएमए विरघळत नाही, त्यामुळं मणी परत ऑपरेशन करून काढावे लागतात, आणि औषधाचा बराचसा भाग आतच अडकून थोडा थोडा पाझरत राहतो. बायोडिग्रेडेबल पॉलिमरकडं लोक वळले त्याचं एक मोठं कारण हेच, दुसरं ऑपरेशन नको आणि शेपूट नको. मग आपणच विरघळणारा पॉलिमर घेऊन तीच लांबलचक शेपूट तयार करायची याला काय अर्थ आहे.

म्हणून आधी ठरव की हे कुठं टाकायचंय आणि किती दिवस. घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी हॉस्पिटलात, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यातून ॲक्सिडेंटच्या केस येतात, नडगीचं हाड बाहेर आलेलं, जखमेत माती, आणि गावातून तिथं पोचेपर्यंत कित्येक तास गेलेले. अशा जखमेत रक्तपुरवठाच तुटलेला असतो, शिरेतून दिलेलं औषध तिथं नीट पोचत नाही, आणि जास्त द्यावं तर जेंटामायसिन किडनी आणि कान दोन्हीला त्रास देतं. इथं लोकल डिलिव्हरीला खरं काम आहे. जंतू हाडात बसवलेल्या रॉडवर किंवा प्लेटवर चिकटतात ते पहिल्या काही तासात, आणि एकदा बायोफिल्म (जंतूंचा चिकट थर) झाली की त्याला मारायला एमआयसीच्या शंभर ते हजारपट औषध लागू शकतं. म्हणजे सुरुवातीचा जोराचा लोट तुला हवाच आहे! पहिल्या दोन दिवसात ३०-४० टक्के, मग दोन-तीन आठवडे एमआयसीच्या बऱ्यापैकी वर, आणि मग लवकर संपलं पाहिजे, असं प्रोफाइल मी मागेन. गाईडसरांना हे हिशोबासकट दाखव, टक्के न दाखवता मायक्रोग्रॅम प्रति मिली आणि एमआयसीची आडवी रेघ मारून दाखव, ते ऐकतील. ग्राफमधे दिसलं की वाद राहत नाही.

पण एवढं करायला औषध आत पाहिजे ना. १२ टक्के एन्कॅप्सुलेशन म्हणजे तुझ्या पावडरमधे औषध जेमतेम १.२ टक्के. १० मिलिग्रॅम जेंटामायसिन द्यायला आठशेच्या वर मिलिग्रॅम पावडर टाकावी लागेल, आणि ती सगळी पावडर नंतर लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिड होणार. हे दोन्ही ॲसिड शरीर पचवतं हे खरंय पण एका बंद जागी एवढं ॲसिड साचलं तर सूज येते, आणि जेंटामायसिनसारखी अमायनोग्लायकोसाइड आम्लात कमजोर पडतात. म्हणजे औषध आहे, पातळी पण आहे, तरी जंतू मरेना अशी गत.

आता १२ टक्के का येतायत ते बघू. जेंटामायसिन पाण्यात भरपूर विरघळतं आणि डायक्लोरोमिथेनमधे अजिबात नाही. तू त्याला पाण्याच्या थेंबात बसवतेस, भोवती पॉलिमरचं पातळ आवरण, आणि बाहेर २०० मिली पाणी. आवरण घट्ट व्हायच्या आधी औषधाला जितका वेळ आणि जितका रस्ता मिळेल तितकं ते बाहेर पळणार. तुझ्या रेसिपीत त्याला दोन्ही भरपूर मिळतंय. ५ मिली डायक्लोरोमिथेनमधे २ मिली पाणी म्हणजे लई झालं, आतली पाण्याची थेंबं एकमेकाला आणि पृष्ठभागाला भिडतात आणि गोळीभर बारीक बोगदे तयार होतात. पॉलिमर पण १० टक्केच आहे, पातळ.

मी असं करून बघायला सांगेन. आतलं पाणी अर्धा मिली, औषध त्यातच मावतं. डायक्लोरोमिथेन अडीच मिली, म्हणजे पॉलिमर २० टक्के होईल, घट्टसर द्रावण होतं, प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी थेंब फोडणारं यंत्र) भांडं बर्फात धरून थोडा थोडा वेळच चालवायचा, सलग नाही, नाहीतर गरम होतं. बाहेरच्या पाण्यात पीव्हीए १ ते २ टक्के आणि त्यात मीठ, साधं सोडियम क्लोराईड, २ ते ५ टक्के. मीठ का, तर आतल्या थेंबात औषधाचं घट्ट द्रावण आहे, बाहेर नुसतं पाणी असलं तर ऑस्मोसिसनं पाणी आत ओढलं जातं, थेंब फुगतो, आवरण फाटतं आणि औषध बाहेर. मिठानं दोन्हीकडचा दाब जुळतो. या एकाच बदलानं बऱ्याच पोरांचं काम सुधारलेलं मी बघितलंय आणि खर्च शून्य. आणि रात्रभर ढवळू नको. डायक्लोरोमिथेन तीन-चार तासात बऱ्यापैकी निघून जातं, त्यानंतर तू फक्त औषध धुवून काढतेस. राहिलेला सॉल्व्हंट नंतर व्हॅक्यूमनं आणि फ्रीज ड्राइंगनं काढ, त्याची मर्यादा ६०० पीपीएम आहे, गॅस क्रोमॅटोग्राफीवर एकदा तरी तपासून घे, थिसिसमधे कुणीच तपासत नाही आणि परीक्षकानं विचारलं की गप्प बसावं लागतं.

पॉलिमर कुठला घेतलाय ते तू लिहिलं नाही. ५०:५० एवढं पुरत नाही. पॉलिमरच्या साखळीच्या टोकाला ॲसिड मोकळं आहे का एस्टरनं झाकलंय हे डब्यावर बघ. मोकळ्या ॲसिडवाला घे, कमी मॉलेक्युलर वेटचा. त्याची दोन कारणं. जेंटामायसिनवर अमाइन गट आहेत, ते ॲसिडच्या टोकाला धरून राहतात, त्यामुळं लोडिंग वाढतं. आणि असा पॉलिमर पाणी लवकर ओढतो, साधारण महिनाभरात बऱ्यापैकी संपतो, म्हणजे शेपूट तोकडी राहते. ७५:२५ घेतला तर तो चार-पाच महिने रेंगाळतो, नुसता पीएलए (फक्त लॅक्टिक ॲसिडचा) वर्षाच्या वर. गर्भनिरोधकाला किंवा मनोविकाराच्या औषधाला ते चांगलं असेल, जंतूंच्या औषधाला नको. पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन) या पॉलिमरबद्दल पण पोरं विचारतात कारण ते स्वस्त पडतं, पण ते दोन वर्षं जात नाही, तेव्हा सोडून दे.

एवढं करून एन्कॅप्सुलेशन ४०-५० पर्यंत नाही गेलं तर मग पद्धतच बदल. एक रस्ता म्हणजे औषध पाण्यात न विरघळवता बारीक दळून सरळ पॉलिमरच्या द्रावणात सस्पेंड करायचं, सॉलिड-ऑइल-वॉटर म्हणतात तो. कण खरंच बारीक पाहिजेत, एक-दोन मायक्रॉनचे, नाहीतर पृष्ठभागावर चिकटून बसतात आणि लोट अजून वाढतो. दुसरा रस्ता तेलात तेल, पॉलिमर ॲसिटोनायट्राइलमधे आणि बाहेर लिक्विड पॅराफिन, त्यात स्पॅन ८० हे सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखा पदार्थ. जेंटामायसिन पॅराफिनमधे जाणारच नाही त्यामुळं एन्कॅप्सुलेशन एकदम वर जातं, पण नंतर ते तेल हेक्झेननं धुवून काढायचं म्हणजे वेगळीच डोकेदुखी, आणि ॲसिटोनायट्राइलची मर्यादा ४१० पीपीएम. तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो, हायड्रोफोबिक आयन पेअरिंग. जेंटामायसिनच्या अमाइन गटांना एओटी नावाच्या सर्फॅक्टंटची जोडी लावायची, मग तोच पदार्थ पाण्याऐवजी डायक्लोरोमिथेनमधे विरघळतो आणि साधं सिंगल इमल्शन पुरतं. एओटीच्या टॉक्सिसिटीचा हिशोब द्यावा लागतो, पण एम.फार्म.च्या कामात यावर एक चांगला धडा होऊ शकतो. स्प्रे ड्रायर असेल तर तोही आहे पण पीएलजीए ४५-५० डिग्रीला मऊ पडतो, सायक्लोनला (पावडर गोळा होते त्या भांड्याला) चिकटून बसतो आणि हातात थोडंच येतं.

आता जानेवारी-एप्रिलचं. हे तू लिहिलं म्हणून बरं झालं, बऱ्याच जणांच्या हे लक्षातच येत नाही. डायक्लोरोमिथेन ४० डिग्रीला उकळतं. आपल्याकडं एप्रिलमधे बाहेर पारा ४२ च्या पुढं, आणि कॉलेजच्या लॅबमधे एसी नसला किंवा लाईट गेली की आत ३६-३७ सहज. त्यात होमोजिनायझर फिरताना स्वतःची उष्णता देतो. म्हणजे तुझं सॉल्व्हंट हळूहळू उडायचं सोडून थेंबातच जवळपास उकळतंय, जाताना पृष्ठभागावर भोकं पाडून जातंय, आणि त्या भोकातून पहिल्या दिवशी औषध सुटतंय. दोन्ही महिन्यांच्या बॅचचा एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो) शेजारी शेजारी ठेवून बघ, एप्रिलच्या गोळ्या खडबडीत आणि छिद्रं पडलेल्या दिसतील असा माझा अंदाज आहे. आणि मोजताना सुद्धा डायक्लोरोमिथेन उडतं, तुला वाटतं ५ मिली घेतलं, पॉलिमर विरघळेपर्यंत किती उरलं कुणास ठाऊक. उघड्या बीकरमधे विरघळवू नको, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत विरघळव.

यावर उपाय म्हणजे उन्हाळ्यात सकाळी लवकर काम करणं, आणि बीकर बर्फ-पाण्याच्या टबात ठेवून बाहेरचं पाणी १५ ते २० डिग्रीवर धरणं, मग पहिला तासभर गेल्यावर हळूहळू २५-३० पर्यंत येऊ देणं. प्रत्येक बॅचच्या नोंदीत खोलीचं तापमान, पाण्याचं तापमान आणि हवेतला ओलावा लिहायचाच. मला विचारशील तर ढवळायच्या स्पीडपेक्षा हे तीन आकडे जास्त महत्त्वाचे आहेत मराठवाड्यात. ओलावा यासाठी की जून-जुलैत पीएलजीएचा डबा फ्रीजरमधून काढून लगेच उघडला की आत दव धरतं, आणि पॉलिमर डब्यातच तुटायला लागतो. डबा पिशवीत बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, मग उघडायचा, लागेल तेवढा काढून बाकीच्यात सिलिका जेल टाकून परत उणे २० ला. पॉलिमर ग्रॅमवर विकत घेतो आपण, जपूनच वापरावा लागतो.

अजून एक उन्हाळ्याचं. तयार झालेली पावडर एसईएमला किंवा पार्टिकल साइजला बाहेरच्या लॅबमधे पाठवायची असते, लातूरहून संभाजीनगरला पोरं ती सॅकमधे टाकून एसटीनं घेऊन जातात. मे महिन्यात दुपारच्या एसटीत रॅकवर ठेवलेल्या सॅकमधे काय तापमान होतं ते वेगळं सांगायला नको. पीएलजीएचं ग्लास ट्रान्झिशन, म्हणजे मऊ पडायचं तापमान, ४५-५० च्या आसपास, थोडा ओलावा असला तर अजून खाली येतं, म्हणजे गोळ्या एकमेकाला चिकटून ढेकूळ होणार आणि रिपोर्टमधे पार्टिकल साइज भलतीच येणार. थर्मोकोलच्या डब्यात आइस पॅक टाकून, व्हायल वेगळ्या पिशवीत सील करून, रात्रीच्या गाडीनं पाठव.

मोजमापाचं. इथं मला शंका आहे की तुझे १२ टक्के खरे आहेत का, कदाचित जास्त असतील. जेंटामायसिनला यूव्हीमधे दिसेल असा गट नाही, त्यामुळं सरळ स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजता येत नाही, ओपीए म्हणजे ऑर्थो-थॅलाल्डिहाइड लावून ३३२ नॅनोमीटरला बघतात. ओपीए कुठल्याही प्रायमरी अमाइनला लागतं, त्यामुळं ट्रिस बफर किंवा ग्लायसिन कुठंही आलं नाही पाहिजे, फॉस्फेटच वापर. रंग टिकत नाही, म्हणून प्रत्येक नमुना मिसळल्यापासून ठराविक मिनिटालाच वाचायचा. औषध न घातलेल्या रिकाम्या मायक्रोस्फिअरचा ब्लँक लागतोच. दुसरी गोष्ट, जेंटामायसिन सल्फेटच्या १ मिलिग्रॅममधे खरं जेंटामायसिन कमीत कमी ५९० मायक्रोग्रॅम धरतात, पूर्ण १००० नाही. घालताना सल्फेट म्हणून ५० मिलिग्रॅम धरलं आणि मोजताना स्टँडर्ड बेसच्या हिशोबात असलं, तर तुझं एन्कॅप्सुलेशन आपोआप कमी दिसणार. सर्टिफिकेटवर पोटन्सी लिहिलेली असते, ती बघ. तिसरी गोष्ट, गोळ्या डायक्लोरोमिथेनमधे विरघळवून पाण्यानं एकदाच औषध ओढलं तर सगळं येत नाही, ॲसिड टोकाचा पॉलिमर ते धरून ठेवतो. तीन-चार वेळा फॉस्फेट सलाईननं ओढ. आणि बाहेरचं पीव्हीएचं पाणी, धुतलेलं पाणी, गोळ्या, या सगळ्यातलं औषध मोजून बेरीज कर. ५० पैकी ४५ च्या वर हिशोब लागला तर आकड्यावर विश्वास ठेव, २५ चाच लागला तर आधी मोजायची पद्धत सुधार, फॉर्म्युला बदलू नको.

रिलीज टेस्टमधे एक सापळा आहे तो नीट समजून घे. ३७ डिग्रीला पीएच ७.४ च्या बफरमधे महिनाभर ठेवायचं म्हणजे बुरशी येऊ नये म्हणून सगळे ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालतात. ओपीएनं मोजायचं असेल तर ठीक. पण तोच नमुना तू आगार प्लेटवर टाकून झोन ऑफ इनहिबिशन (जंतू न वाढलेलं वर्तुळ) बघणार असशील तर अझाइड स्वतःच जंतू रोखतं, आणि तुला वाटेल अठ्ठाविसाव्या दिवशी पण औषध जिवंत आहे. ॲन्टिबायोटिकच्या कामात प्लेट टेस्ट करायलाच पाहिजे, कारण केमिकल टेस्टला रेणू दिसतो, तो काम करतोय का नाही हे प्लेटच सांगते. म्हणून बॅक्टेरियाच्या टेस्टसाठी वेगळा सेट लाव, अझाइड न घालता, बफर आणि नळ्या स्टराईल करून, आणि रिकाम्या मायक्रोस्फिअरचा नमुना सोबत ठेव. त्याचा झोन शून्य आला पाहिजे.

डायलिसिस बॅग वापरत असशील तर तिचा स्वतःचा अडसर असतो, नुसतं जेंटामायसिनचं द्रावण त्यात टाकून ते किती वेळात बाहेर येतं हे आधी बघ. मला नळीत ठेवून सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रव काढायची साधी पद्धत बरी वाटते, थोडं ट्वीन २० हे सर्फॅक्टंट घातलं की गोळ्या तरंगत नाहीत.

हिगुची आणि कोर्समेयर-पेपास ही रिलीजची समीकरणं लावून आर स्क्वेअर (समीकरण किती जुळतं तो आकडा) सगळ्यात जास्त कुणाचा, मग मेकॅनिझम तोच, असं थिसिसमधे लिहू नको. पेपासचं समीकरण पहिल्या ६० टक्क्यांपर्यंतच लावायचं असतं आणि तुझे ६५ टक्के तर पहिल्याच दिवशी गेलेत, मग फिट कशाला करायचं? त्यापेक्षा दर आठवड्याला थोड्या गोळ्या काढून पॉलिमरचं मॉलेक्युलर वेट किती उरलं ते जीपीसीवर (रेणूंचा आकार मोजणारं यंत्र) बघ, आणि बफरचा पीएच लिहून ठेव. त्यावरून औषध पाझरून येतंय का पॉलिमर तुटून येतंय हे खरं कळतं. गोळीच्या आत पीएच २-३ पर्यंत उतरू शकतो. जेंटामायसिन ते सहन करतं, पण उद्या कुणी ॲम्पिसिलिन भरायला घेतलं तर आतल्या आत औषध मोडून जाईल आणि एन्कॅप्सुलेशन चांगलं असून सुद्धा काही बाहेर येणार नाही. त्याला थोडं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आत टाकतात, ॲसिड जागच्या जागी मारायला. तुझ्या कामात पण ते एका बॅचमधे टाकून बघ, हाडासाठी असेल तर ट्रायकॅल्शियम फॉस्फेट त्याहून बरं.

स्टरिलायझेशनचं थोडक्यात. ऑटोक्लेव्ह विसर, सगळं वितळेल. २५ किलोग्रे गॅमा किरणांचा डोस दिला तर पॉलिमरच्या साखळ्या तुटतात आणि रिलीजचा वेग बदलतो, म्हणून रिलीज गॅमा दिल्यानंतरच्या नमुन्यावर करायचा. कारखान्यात दोन्ही द्रावणं गाळून पूर्ण प्रोसेस स्टराईल खोलीत करतात, आणि त्याचाच खर्च एवढा आहे की ॲन्टिबायोटिकचे मायक्रोस्फिअर बाजारात फार आले नाहीत. हिरड्यांच्या आजारासाठी मिनोसायक्लिनचं एक आहे, अरेस्टिन, अमेरिकेत २००१ ला मंजूर झालं, एका कार्ट्रिजमधे फक्त १ मिलिग्रॅम औषध. दाताच्या फटीची जागा एवढीशी, म्हणून १ मिलिग्रॅम पुरतं. यातून तुला विषय किती लहान ठेवायचा ते लक्षात येईल. सगळ्या शरीराला पुरेल असं जेंटामायसिन महिनाभर मायक्रोस्फिअरमधून देणं होणारच नाही, रोजचीच मात्रा शेकडो मिलिग्रॅम असते. पेनिड्युअरचं (लांब चालणाऱ्या पेनिसिलिनचं) १२ लाख युनिटचं इंजेक्शन तीन-चार आठवडे चालतं कारण स्ट्रेप्टोकोकस जंतूला पेनिसिलिन अगदी नखाएवढं पुरतं. खेड्यातल्या जुन्या डॉक्टरांनी ते वर्षानुवर्षं दिलंय, त्यात पॉलिमर पण नाही, नुसतं पेनिसिलिनचं कमी विरघळणारं मीठ (सॉल्ट) आहे.

आता तुझ्या भावाच्या गोठ्याचं. दगडीसाठी कासेत औषध सोडायची पद्धत आहेच, आणि गाय आटल्यावर, विण्याच्या आधीच्या दीड-दोन महिन्यात जी ट्यूब सोडतात ती लाँग ॲक्टिंगच असते, क्लोक्सासिलिन बेन्झाथिन तेलाच्या बेसमधे. म्हणजे तुला जे करायचंय ते तिथं साध्या आणि स्वस्त पद्धतीनं झालेलं आहे. पीएलजीए तिथं का नको, तर गाय कधी विईल हे आपल्या हातात नाही, दोन आठवडे आधी विली आणि कासेत गोळ्या शिल्लक असल्या तर दुधात औषध येणार, ते वासरू पिणार आणि डेअरीला पण जाणार. आणि जेंटामायसिन तर जनावराच्या किडनीत महिनोन्‌महिने राहतं, दुभत्या जनावरासाठी ते निवडूच नये. भावाला सांग, औषध बदलत बसण्याआधी ज्या सडाला त्रास आहे त्याचं दूध स्वच्छ बाटलीत घेऊन, आधी सड स्पिरिटनं पुसून पहिल्या चार-सहा धारा सोडून मग, उदगीरच्या व्हेटर्नरी कॉलेजला कल्चर-सेन्सिटिव्हिटीसाठी घेऊन जा. औषध सुरू करायच्या आधीच न्यायचं, नंतर नेलं तर प्लेटवर काही उगवत नाही. नेताना बर्फात.